थोरलीचं भेटकलम

मेहदीपट्टणहून सुटलेली बस चेवेळ्याच्या पुढे गेली की वेडीवाकडी चालायला लागते. समोर सरळ, मोकळं माळरान असतं, अडथळा कसलाच नसतो, आणि रस्ता मात्र उगाच डावीकडे वळतो, एखाद्या घराच्या परसापर्यंत जातो, तिथल्या आंब्याला जवळजवळ शिवतो आणि परत फिरतो. पाच मिनिटांनी उजवीकडे तसंच. नवखा माणूस ड्रायव्हरकडे संशयानं बघतो. मी लहान असताना आई मला मांडीवर घेऊन प्रत्येक वळणाला एकेक नाव सांगायची. "ही चंद्रभागा. ही माझी आत्या, सुंदराबाई. ही कोंडाबाई, हिला सहा महिन्यांत परत पाठवली होती, पण झाड राहिलं तिथंच." मला वाटायचं, जगातले सगळे रस्ते असेच बायकांची नावं घेत जातात.

तोटपल्ली हे आईचं माहेर. तोट म्हणजे तेलुगूत बाग. निजामाच्या काळापासून तिथं नऊ-दहा मराठी घरं शेती करून आहेत. बोलणं मराठी, शिव्या दखनी, हिशेब तेलुगूत. माझ्या मामांच्या परसात विहिरीजवळ एक जुना आंबा आहे. आमची माणसं त्याला आंबा म्हणत नाहीत, थोरली म्हणतात. शेजारचे तेलुगू लोक पेद्दम्मा म्हणतात, अर्थ तोच. तिचं फळ काही नावाजण्यासारखं नाही. लहान, रेषाळ, रसाला बरं. पण तिची कोवळी पालवी अशी लाल असते, की घासून ठेवलेलं तांब्याचं भांडं उन्हात ठेवलंय असं वाटावं.

या नऊ-दहा घरांत एक रीत आहे. लेक सासरी निघाली की थोरलीचं एक कलम तिच्याबरोबर जातं. ते सासरच्या परसात लावायचं, आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी माहेरच्या विहिरीचं. ते भावानं कावडीनं वाहून न्यायचं. 'दोन उन्हाळे भावाचे' असं म्हणतातच. एकेका भावाला तीन-चार बहिणी असायच्या. तो एका फेरीत सगळ्यांकडे जायचा, या झाडाकडून त्या झाडाकडे. त्याच्या पायांनी वाट पडली. वाटेवरून गाड्या गेल्या, मग मुरूम आला, मग डांबर. डांबर टाकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, की ते कुणाच्या तरी खांद्यावरच्या पाण्यामागून चालले आहेत.

आई भाद्रपदात गेली. विद्यानगरच्या आमच्या घरात, दुपारी, पेपर वाचता वाचता. मी नारायणगुड्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. संध्याकाळी घरी आले तेव्हा ती खुर्चीतच होती, चष्मा डोळ्यांवर. मला वाटलं डोळा लागलाय, म्हणून मी आवाज न करता चहा टाकला. दोन कप.

आम्ही दोघीच होतो. मी लग्न केलं नाही. त्याला सांगण्यासारखं कारण नाही. काही पुस्तकं कुणी कधी घरी नेत नाही आणि ती कपाटात चांगली राहतात, तसं ते होत गेलं.

दिवाळी झाल्यावर शिवराजमामांचा फोन आला.

"त्रिवेणी, अक्कानं बांधलेलं कलम उतरवायला आलंय. कवा येतीस?"

"कुठलं कलम?"

पलीकडे वारा ऐकू येत होता. मामा परसात उभे असणार.

"तुला बोलली न्हाई?"

नव्हती बोलली. जुलैत ती आठ दिवस तोटपल्लीला जाऊन आली होती, जरा बदल म्हणून. परत आली तेव्हा बोटांना काळे डाग होते, केळीच्या चिकाचे. मी तिला लिंबाची फोड दिली. तिनं ती बोटांवर चोळली आणि पाऊस कसा आहे ते सांगत राहिली.

"तुम्हीच उतरवा ना मामा," मी म्हणाले.

"ज्यानं बांधलं त्याच्याच हातानं तोड. तो हात नसंल तर त्याच्या पोटचा. माझा न्हाई चालत."

मी शनिवारी दुपारी पोचले. मामांनी चहाच्या आधी मला विहिरीकडे नेलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनला ते तयार नाहीत. परसात मात्र ते डोळे मिटूनही चालू शकतात. थोरलीची एक फांदी विहिरीच्या अंगाला खाली वाकलेली आहे. तिच्याखाली कमरेएवढा बांबूचा मांडव घातलेला होता, मांडवावर कुंडी, कुंडीत कोयीपासून आलेलं वर्षाचं रोप. त्या रोपाची आणि थोरलीच्या एका कोवळ्या डहाळीची थोडी थोडी साल तासून आईनं त्या दोन जखमा एकमेकींवर ठेवल्या होत्या आणि वरून केळीच्या सोपटानं आवळलं होतं. ही भेट. म्हणून भेटकलम. तीन-साडेतीन महिन्यांत जखमा एकजीव होतात. मग डहाळी थोरलीपासून सोडवायची, पण एकदम नाही. एकदम सोडवली तर धक्क्यानं वाळते. एका आठवड्यात पाव काप, पुढच्या आठवड्यात अर्धा, मग पाऊण, आणि शेवटी तोड. डहाळीला सवय व्हावी लागते, की आता दूध तिकडून यायचं नाही. तोड झाली की रोपाचा स्वतःचा शेंडा छाटतात. मग खाली रोपाची मुळं आणि वर थोरलीची डहाळी, असं एक नवं झाड होतं.

मामांनी पाऊण कापापर्यंत आणून ठेवलं होतं. मी सोपटावरच्या गाठीला हात लावला. दोन फेरे आणि टोक आतून वर काढलेलं. फराळाच्या पुड्या, माझी वेणी, बँकेच्या कागदांचा गठ्ठा, सगळं ती याच गाठीनं बांधायची. तिनं बांधलेल्या गोष्टींपैकी ही एकच अजून वाढत होती.

"बगितलंस? कसं धरलंय!" मागून शोभामामी आल्या. "अक्काचा हातच तसा. प्रियाचं नशीब म्हणायचं. लगीन ठरायच्या आधीच आजीनं बांधून ठेवलं."

प्रियदर्शिनी ही मामांची नात. तिचं लग्न मार्गशीर्षात होतं.

"प्रियासाठी बांधतेय असं म्हणाली होती आई?"

"म्हणाय कशाला पायजे? घरात लग्नाची पोर एकच. अजून कुणासाठी बांधंल?" मामींनी कुंडीतलं एक वाळकं पान उचललं. मग माझ्याकडे बघून त्यांना काहीतरी सुचलं असावं, कारण त्या हसून म्हणाल्या, "आन तुझ्याकडं माती कुठाय बाई? दुसऱ्या मजल्यावर!"

त्यात वाईट काही नव्हतं. माझ्याकडे माती नाही हे खरंच होतं. मी 'हो ना' म्हणाले.

पण मला ते कलम हवं होतं. बसमध्ये सबंध वाटभर मी मनात आमच्या गॅलरीचं माप घेत आले होते. वॉशिंग मशीन आत सरकवलं तर मोठी कुंडी बसत होती. ऊन सकाळी दोन तास. आंब्याला दोन तासांत काय होणार, हेही मला माहीत होतं. तरी मी माप घेत होते. मात्र ते मागायला माझ्याकडे काहीच नव्हतं: लग्न नाही, परस नाही, पाणी आणणारा भाऊ नाही. आणि आईनं मला सांगितलं नव्हतं.

ऊन कललं तसं प्रियदर्शिनी मला गुट्ट्यावर घेऊन गेली. गावामागच्या खडकाळ टेकडीला सगळे गुट्टाच म्हणतात. ती गच्चीबावलीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करते, शनिवार-रविवार गावी येते. मराठी बोलते फर्डी, वाचायला मात्र तिला वेळ लागतो. लग्नपत्रिकेचा मसुदा तिनं मला वाचायला लावला, आणि 'यांच्या ज्येष्ठ कन्येचा' म्हटल्यावर म्हणाली, "ज्येष्ठ म्हणजे महिना ना गं?"

वरून दहा-बारा गावं दिसतात. कार्तिकातलं धुरकट ऊन होतं, तळ्यांचे नुसते चकाकणारे तुकडे, आणि दूर पूर्वेला शहराच्या उंच इमारती, कुणीतरी पेन्सिलीनं काढून अर्धवट पुसल्यासारख्या. मधे सगळीकडे झाडं. पावसाळ्यानंतर ज्यांना पुन्हा पालवी फुटली होती ती तेवढी लाल होती. हिरव्यात इथं एक ठिपका, तिथं दोन, पलीकडे ओढ्याच्या काठानं सलग पाच.

"ते पाच बघ," प्रिया म्हणाली. "एकाच घरात पाच पिढ्या आपल्या पोरी दिल्यात. पप्पा म्हणतात, ते गाव नाही, आपली ब्रँच आहे."

"तुझं कुठं होणार?"

"इथून नाही दिसायचं. झहीराबाद." तिनं वायव्येला हात केला. तिकडे नुसतं धुकं होतं. "पण मला माहीत असेल ना, तिथं आहे म्हणून. हर्षदनं खड्डा काढून ठेवलाय. व्हिडिओ दाखवू?"

तिनं दाखवला. होणारा नवरा खड्ड्यात उतरून, छातीएवढ्या मातीतून हात हलवत होता.

"एवढा खोल?"

"मी सांगितलं तीन फूट. त्याला वाटलं तीन मीटर. कसा तरी थांबवला." ती हसली. मग म्हणाली, "दोन उन्हाळ्यांचं कसं करायचं देव जाणे. भाऊ म्हणजे अनिकेत, तो कॅनडात. म्हणतो, ठिबक बसवून देतो, ऑनलाइन. मी म्हटलं, हाड!"

मी खाली त्या लाल ठिपक्यांकडे बघत राहिले. एका झाडानं एवढा मुलूख आखला होता. कुठं विहीर खणायची, भिंत कुठं वळवायची, शाळेची घंटा कुठल्या फांदीला टांगायची, बस कुठं थांबणार, सगळं. आणि ते झाड स्वतः जागचं हललं नव्हतं. आईचं झाड आमच्या विद्यानगरला नव्हतंच. तिचं सासर म्हणजे गौलीगुड्यातल्या दोन खोल्या. तिथं लावायला जागा नव्हती म्हणून तिचं कलम एका शेजाऱ्यानं स्वतःच्या शेतात नेलं, आणि पुढं त्या शेताचे प्लॉट पडले. याबद्दल ती कधी काही बोलली नाही. आज मला वाटलं, विचारायला हवं होतं.

रविवारी सकाळी धुकं इतकं होतं की विहिरीचा रहाट दिसत होता आणि विहीर नव्हती. पानांवरून थेंब पडत होते. आम्ही चौघंच होतो. मामींनी हळदीकुंकू वाहिलं, थोरलीच्या बुंध्याला आणि कुंडीला. प्रिया पुढं उभी राहिली, ओढणीची झोळी करून. तुटल्यावर कलम तिच्या पदरात द्यायचं असतं. मामांनी चाकू माझ्या हातात दिला. तो रात्रभर तेलात ठेवलेला होता, मुठीपर्यंत गुळगुळीत.

आमच्याकडे कलमाच्या दोन बाजूंना नावं आहेत. झाडाकडची बाजू ती माहेर, कुंडीकडची ते सासर. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आई गॅलरीतल्या तुळशीची काडी लावतानासुद्धा हेच शब्द वापरायची.

"जोडाच्या खाली धर," मामा म्हणाले. "धरलंस? आता माहेराकडनं तोड. एका झटक्यात. दुसऱ्यांदा लावायचा न्हाई चाकू."

मी डावा हात जोडाखाली घातला. दोन काड्या लागल्या, दोन्ही ओल्या, दोन्ही अंगठ्याहून बारीक. एकीवर मामांच्या पाऊण कापाची खाच होती. ती बोटाला लागली. मला आठवतंय, ती लागली. खाचेच्या कडा मऊ झाल्या होत्या, भरून यायला लागल्यासारख्या. मामा पुन्हा म्हणाले, "माहेराकडनं," आणि मी चाकू ओढला.

एक अगदी लहान आवाज झाला.

कुंडी मांडवावर जराशी कलंडली. प्रिया ओढणी पसरून उभी होती. ओढणीत काही पडलं नाही. डहाळी होती तिथंच राहिली, थोरलीच्या फांदीला, झुलत. तिच्या पोटाला चिकटलेला रोपाचा शेंडा, त्याची सात-आठ पानं, सगळं वरच. कुंडीत बोटभर खुंट उभा होता आणि त्याच्या टोकावर चीक जमत होता.

मी सासर तोडलं होतं.

"झालं?" मामा म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, आधी कुंडीवर, मग खुंटावर, मग वर. त्यांची बोटं जोडापाशी आली आणि थांबली.

"हे काय केलंस पोरी?"

"अगं बाई गं," मामी म्हणाल्या. मग पुन्हा, अधिक हळू, "अगं बाई गं."

मी चाकू मांडवावर ठेवला. माझ्या तोंडून 'चुकलं' एवढंच आलं. प्रियानं ओढणी सरळ केली, खांद्यावर घेतली, पिन लावली. "इट्स ओके आत्या," ती म्हणाली आणि घरात गेली. खिडकीतून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "नाही, नाही झालं. खड्डा झाकून ठेव, कुत्रंबित्रं पडेल."

मी तिथंच उभी होते. मी हे मुद्दाम केलं असं मला आजही म्हणता येत नाही. चाकू ओढताना मला तोडायचंच होतं, नीट तोडायचं होतं. पण माझा हात कुठल्या काडीवर आहे हे मला कळत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. 'माहेराकडनं तोड' हे शब्द कानावर आले आणि हातानं ते ऐकले नाहीत, एवढंच मला माहीत आहे.

मामांनी रागवायला वेळ घालवला नाही. "चिखल आण. विहिरीच्या थाळ्यातला. आन शेण." डहाळी आता फक्त पाव भागानं थोरलीला धरून होती. वारा आला असता तर तीही गेली असती. मामांनी बांबूची चीप घेतली, डहाळीला खालून आधार दिला, खाचेत शेणमाती भरली, वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. सगळं डोळे न वापरता. मी फक्त पट्टीचं टोक धरलं होतं. त्यांनी एकदाही मला 'सोड' म्हटलं नाही.

धुकं उठायला लागलं. मामींनी ओसरीवर चहा आणून ठेवला. बशीवर फुंकर घालता घालता मामींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"न्हाई, मी म्हणते," मामींना हसू आवरेना, "रोपाचा शेंडा थोरलीकडंच ऱ्हायला की. सासरचं मुंडकं माहेरात! हिनं घरजावई केला वो!"

मामाही हसले. मला हसता येईना, पण मी चहा संपवला.

प्रिया दारात उभी होती. ती हसत नव्हती. "म्हणजे माझं नाहीच," ती म्हणाली. "आपल्या घरातली मी पहिली. बिनझाडाची."

"दुसरं बांधू की," मामा म्हणाले.

"लग्न बावीस दिवसांवर आलंय आजोबा."

मामींनी बशी खाली ठेवली. "आषाढात येणारच हैस ना तू? नवी नवरी आषाढात सासरी ऱ्हात न्हाई, आपल्याकडं तेलुगू लोकांत बी आन आपल्यात बी. महिनाभर हितंच. तवा बांधायचं. आन उतरवायला दिवाळीला यायचं. दोन डाव माहेर झालं, तुझं काय बिघडलं?" मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आन बांधायचं हिनं."

"मला येत नाही मामी."

"तोडाय तरी कुठं येत हुतं?"

त्या हिवाळ्यात मी दर रविवारी तोटपल्लीला गेले. सकाळची पहिली बस, त्याच वळणांनी, बहुतेक वेळा अर्धवट झोपेत. प्रत्येक वळणाला डोळे उघडायचे, खिडकीशी एक आंबा यायचा आणि मागं जायचा. मामा मला छाटलेल्या काड्यांवर शिकवायचे. साल किती तासायची, किती खोल गेलं की जास्त. "चाकू दाबू नकोस. त्यालाच जाऊ दे." मी दहा काड्या तासल्या की ते अंगठा फिरवून नऊ टाकून द्यायचे. दहावीबद्दल काही म्हणायचे नाहीत. आई हे कुणाकडून शिकली होती, असं मी एकदा विचारलं. "माझ्याकडनं न्हाई," मामा म्हणाले. "मीच तिच्याकडनं शिकलो."

लग्नात प्रिया खूप छान दिसत होती. निघताना गाडीत बसण्याआधी ती शालूसकट परसात गेली, रिकाम्या हातांनी थोरलीपाशी उभी राहिली आणि आली. मी ओसरीवर विड्याची पानं मोजत होते. मोजणं मला तीनदा पहिल्यापासून करावं लागलं.

डहाळी माघापर्यंत तशीच होती. ना वाळली, ना वाढली. मामा रोज अंगठ्यानं चाचपायचे. फाल्गुनात एका रविवारी मी पोचले तेव्हा त्यांनी पट्टी सोडलेली होती. खाच भरली होती. तिथं फांदीला एक गाठ आली होती, घट्ट. आणि पुढं, जिथं आईची गाठ होती, तिथून दोन प्रकारची पालवी फुटली होती. एकीकडे थोरलीची, तांब्यासारखी. दुसरीकडे त्या कोयीच्या रोपाची, फिकट, हिरवट पिवळी, कुणाचीच नसल्यासारखी. दोन्ही एकाच फांदीतून पाणी घेत होती. मामांना रंग दिसत नव्हते. मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "फळ धरंल तवा कळंल कोण हाय ते."

प्रिया आषाढात आली, मंगळसूत्र, वाढलेलं वजन आणि सासूबाईंच्या तक्रारी घेऊन. पाऊस नुकता थांबला होता. परसात सगळीकडून पाणी ठिबकत होतं आणि ढगांतून मधेच ऊन पडत होतं, त्यामुळे झाड आतून उजळल्यासारखं दिसे आणि पुन्हा विझे. आम्ही दुसरी फांदी निवडली, पूर्वेकडची. मांडव मीच बांधला होता; जरा तिरका झाला होता, म्हणून कुंडी सरकू नये यासाठी प्रियानं ती दोन्ही हातांनी धरली. मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. आज मी उठणार नाही, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

मी डहाळी तासली. मग रोप तासलं. दोन्ही जखमा सारख्या झाल्या की नाही ते बोटानं बघितलं.

"आत्या, एक विचारू?" प्रिया म्हणाली. तिचा चेहरा कुंडीच्या मागं होता, फक्त कपाळ दिसत होतं. "ते आधीचं. तारामती आजीनं ते खरंच माझ्यासाठी बांधलं होतं?"

"माहीत नाही."

"तुला काय वाटतं?"

मी सोपट पाण्यातून काढलं, निथळू दिलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तिनं नुसतं सहज विचारलं होतं.

"मला ते हवं होतं," मी म्हणाले. "तुला द्यायचं नव्हतं. माती नसताना हवं होतं. कुणाला बोलले नाही."

प्रियानं कुंडीमागून मान वर काढली.

"मग बोलायचं ना बाई!" प्रिया म्हणाली. तिचा आवाज चढला होता. इतक्या महिन्यांचा होता तो. "मी दिलं असतं का नसतं ते नंतर. भांडलो असतो दोघी. मी सहा महिने झहीराबादला त्या खड्ड्याकडं बघत चहा पिते, रोज. माहितीये?"

"आता माहीत झालं."

"सासूबाई म्हणतात त्यात पेरू लावू."

"लावलास?"

"हाड!"

ओसरीवरून मामींचा आवाज आला, "काय गं, बांधताय का भांडताय?"

"दोन्ही!" प्रिया ओरडून म्हणाली.

मी दोन जखमा एकमेकींवर ठेवल्या आणि पहिला फेरा घेतला. सोपट ओलं होतं, बोटांतून निसटत होतं.

"हलवू नकोस," मी म्हणाले.

"मी कुठं हलवते? तुझा हात हलतोय."

खरंच हलत होता. तिनं एक हात कुंडीवरून काढला, कुंडी पोटाशी टेकवून धरली, आणि सोपटाचं सुटणारं टोक स्वतःच्या अंगठ्याखाली दाबलं. मी दुसरा फेरा घेतला.